आधी तो टी काढ

गाडीखाली जाऊन आलो. पाठीला ग्रीस लागलंय ते राहू दे, फडकं नको. मोबाइल खिशात ठेव आणि समोर उभा राहा.

जीप देखणी झालीय, हे मी आल्या आल्याच म्हटलं. उंच बॉनेटची सीजे-थ्री-बी, ग्रिलच्या सातही फटी सरळ, हूडची शिवण एकसारखी. पत्र्याचं काम तुझ्या हातात आधीपासूनच होतं. त्यावर माझं काही म्हणणं नाही. तू बॉनेट दाखवलंस, डॅशबोर्ड दाखवलास आणि मग छाती पुढे काढून म्हणालास, ‘सर, ब्रेकपण ड्युअल सर्किट केलेत.’ म्हणून तर मी खाली गेलो. जीपचा मास्टर सिलिंडर पायाखालच्या पत्र्याच्या खाली, चासीला असतो. वर उभं राहून कौतुक करणाऱ्याला तो दिसत नाही, आणि बहुतेक त्याच भरवशावर तू होतास.

खाली काय दिसलं ते सांगतो. बसवलंयस तूच, तरी सांगतो. नवा टँडम सिलिंडर. त्याला दोन पोर्ट. दोन्हींतून दोन आखूड पाइप निघतात, वीतभर जातात आणि एका पितळी टीमध्ये एकत्र येतात. टीच्या तिसऱ्या तोंडातून जुना एकच पाइप निघतो, आणि तोच पुढे दोन्ही ॲक्सलला वाटला जातो.

हे ड्युअल सर्किट? दोन विहिरी खणायच्या आणि दोन्हींचं पाणी एकाच पाटात सोडायचं, मग पाट फुटला की दोन्ही कोरड्या. टँडम सिलिंडरच्या आत दोन पिस्टन का असतात, दोन खोल्या का असतात, वरच्या टाकीत मधे भिंत का असते? एका खोलीचं ऑइल वाहून गेलं तरी दुसऱ्या खोलीचं जागेवर राहावं म्हणून. कारखान्याने मेहनतीने वेगळं ठेवलेलं तू एका पितळी तुकड्याने एकत्र केलंस. आता मागच्या ॲक्सलवरचा पाइप फुटला तर दोन्ही खोल्यांचं ऑइल त्याच भोकातून जाणार. पॅडल पत्र्याला टेकणार आणि चारही चाकं मोकळी. जुना एकेरी सिलिंडर असता तर नेमकं हेच झालं असतं. म्हणजे नवा सिलिंडर, त्याचा ब्रॅकेट आणि मजुरी एवढं सगळं खर्चून गाडी तू होती तिथेच आणून ठेवलीस.

‘पण सर, जुना पाइप चांगला होता.’

हे उत्तर देऊ नकोस. पाइप चांगला होता की नाही हा प्रश्नच नाही. पाइप एक होता, हा प्रश्न आहे. दोन सर्किट करायची तर पुढच्या ॲक्सलला स्वतंत्र पाइप ओढावा लागतो, मागच्याला स्वतंत्र. त्यासाठी बंडी पाइप आणावा लागतो, मोजून वाकवावा लागतो, टोकाला दुहेरी फ्लेअर काढावा लागतो, चासीला क्लिपा माराव्या लागतात. दिवसभराचं किचकट काम, आणि शेवटी त्याला कोणी रंगासारखं चमकताना बघत नाही. तो दिवस वाचवायला टी लावलास. कंटाळा आला होता म्हण, मला समजेल. चांगला पाइप होता म्हणू नकोस.

‘रोड टेस्ट घेतली सर, चारी चाकं धरतात.’

रोड टेस्टमधून सिद्ध काय झालं? ब्रेक लागतो, एवढंच. तो तर जुन्या सिलिंडरनेही लागत होता. नीट ऐक, आजच्या सगळ्या बोलण्यातलं हेच महत्त्वाचं आहे. दुसरं सर्किट खरं आहे की खोटं, हे रोजच्या चालवण्यात कधीच कळत नाही. कार्ब्युरेटर चुकला तर धूर येतो. टायमिंग चुकलं तर इंजिन ठोकतं. क्लच चुकला तर गाडी हिसके देते आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात येऊन ओरडतं. तिथे तुझी चूक तुला पकडून देते. इथे चूक गप्प बसते. पाच वर्षं गप्प बसेल. पहिलं सर्किट मरेल त्या क्षणी पहिल्यांदा बोलेल, आणि तेव्हा ऐकायला तू नसशील, मालक असेल, शेजारी त्याची बायको, मागच्या बाकावर पोरं. म्हणून या कामाची परीक्षा रस्त्यावर होत नाही. ती मुद्दाम मोडून घ्यावी लागते, इथे, तुझ्या शेडमध्ये.

कशी? चार स्टँडवर गाडी उचल. पुढच्या चाकाचं ब्लीडर निप्पल सैल कर, नळी लावून बाटलीत सोड. आता पोराला पॅडल दाबून धरायला सांग. ऑइल बाटलीत जाणार, पॅडल खोल जाणार, आणि कुठेतरी घट्ट होऊन थांबलं पाहिजे. मग मागचं चाक हाताने फिरवून बघ. फिरलं नाही तर मागचं सर्किट खरं. निप्पल आवळ, हवा काढ, आणि मागचं निप्पल उघडून पुढची चाकं बघ. एवढंच. अर्धा तास लागतो. तुझ्या गाडीवर मी आत्ता हे केलं तर काय होईल सांगू? कुठलंही निप्पल उघडलं तरी चारही चाकं भिंगरीसारखी फिरतील.

आणि टी काढलास म्हणजे सुटलास, असं समजू नकोस. तुझ्या पॅडलकडे बघून मला दुसरीच धास्ती वाटतेय.

मूळ जीपचा मास्टर सिलिंडर एक इंच बोअरचा, म्हणजे २५.४ मिलिमीटर. तू बसवलास तो किती? सात-अष्टमांश. २२.२. मोजला होतास? नव्हता. दुकानदाराने दिला तो घेतलास. मग मला म्हणालास, ‘पाय किती हलका झालाय बघा सर.’ हलका होणारच. एक इंचाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ५०७ चौरस मिलिमीटर, तुझ्याचं ३८८. पायाचा जोर तोच, क्षेत्रफळ कमी, म्हणून दाब तीस टक्क्यांनी वाढला. पास्कलचा नियम पहिल्या वर्षी शिकवला होता, तेव्हा तू मागच्या बाकावर होतास. पण त्या नियमाची दुसरी बाजू असते. चाकांच्या सिलिंडरांना ऑइल तर तेवढंच हवंय. लहान बोअरमधून तेवढंच ऑइल ढकलायचं तर पिस्टनला तीस टक्के जास्त सरकावं लागतं. पाय हलका झाला त्याची किंमत तू पॅडलच्या चालीतून दिलीस. आणि चाल ही नेमकी तीच गोष्ट आहे जी एक सर्किट मेल्यावर लागते.

कशी लागते ते आकड्यांत बघ. पॅडलचं गुणोत्तर सहाला एक धर. पिस्टन एक मिलिमीटर सरकायला पाय सहा मिलिमीटर जातो. टँडमची एकूण चाल ३० मिलिमीटर धर, दोन खोल्यांना पंधरा-पंधरा. पुशरॉडच्या बाजूचं सर्किट मेलं, तर पहिला पिस्टन मोकळाच सरकत जातो आणि पुढच्या पिस्टनला जाऊन धातूने धातूला टेकतो. तिथून पुढे दुसरी खोली काम सुरू करते. टोकाकडचं सर्किट मेलं, तर पुढचा पिस्टन आधी सिलिंडरच्या तळाला जाऊन बसतो आणि मग अलीकडच्या खोलीत दाब तयार होतो. कसंही झालं तरी पंधराएक मिलिमीटर वाया जातात. पंधरा सक नव्वद. पॅडल नव्वद मिलिमीटर काहीही न करता खाली जाणार. तुझ्या पॅडलला पत्र्यापर्यंत एकूण जागा किती आहे? मी टेपने मोजली, १२० आहे. त्यातली सुरुवातीची अर्धा इंच मोकळी चाल वजा कर. उरले १०७. नव्वद गेल्यावर सतरा. सतरा भागिले सहा, तीन मिलिमीटरही नाही. तेवढ्यात लायनर ड्रमला टेकेल की नाही, तूच सांग. अॅडजस्टमेंट ताजी असली तर कदाचित. सहा महिन्यांनी लायनर झिजल्यावर नक्की नाही. पाइप बरोबर ओढलास, सर्किट खरोखर वेगळी केलीस, तरी या पॅडलवर दुसरं सर्किट जिवंत असूनही ब्रेक लागणार नाही. पाय पत्र्याला टेकलेला आणि सिलिंडर म्हणतोय, अजून थोडं दाबा.

म्हणून टँडम सिलिंडर हा नुसता पार्ट म्हणून घ्यायचा नसतो. बोअर, चाल, पॅडलचं गुणोत्तर, पत्र्यापर्यंतची जागा हे चार आकडे कागदावर मांडायचे आणि मग दुकानात जायचं. तुझ्या शेडमध्ये कागद दिसला तो फक्त बिलबुक.

आता तो पुशरॉड. नवा सिलिंडर लांब, म्हणून जुना रॉड बसेना. ठीक. मग तू रॉड कापलास आणि बोल्टचा तुकडा वेल्ड केलास. माझा विश्वास बसेना म्हणून टॉर्च जवळ नेऊन बघितलं. वेल्डवर ग्राइंडर फिरवून काळा रंगही मारलायस. घाबरून पाय मारणारा माणूस पॅडलवर अंगाचं अख्खं वजन टाकतो, आणि ते गुणोत्तराने सहापट होऊन त्या सांध्यावर येतं. ब्रेकच्या वाटेत वेल्ड चालत नाही, हे मी किती बॅचना सांगितलं असेल! अखंड सळईतून खरादावर नवा रॉड बनवून घे, पाहिजे त्या लांबीचा, लॉकनटचा. आणि बसवताना पॅडलला अर्धा इंच मोकळी चाल ठेव. नाही ठेवलीस तर पिस्टनचा कप परतीचं बारीक छिद्र झाकून बसतो, तापलेलं ऑइल फुगतं आणि त्याला टाकीत परत जायला वाट राहत नाही. मग ब्रेक आपोआप आवळत जातात. धूर निघतो, आणि माणूस म्हणतो बेअरिंग गेलं.

ब्रॅकेटही चासीला वेल्ड केलायस. ही गाडी साठच्या दशकातली आहे. मालकाला व्हिंटेज नोंदणीची हौस आहे, तूच म्हणालास. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ती नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांत फेरफार नको. चासीवर वेल्ड दिसल्यावर नोंदणी करणारा माणूस काय विचारेल? ब्रॅकेट नटबोल्टने बसव. जुन्या सिलिंडरचीच भोकं वापर. सुधारणा अशी कर की उद्या कोणाला मूळ सिलिंडर परत लावायचा झाला तर दोन पाने पुरले पाहिजेत. आणि तो मूळ सिलिंडर भंगारात टाकला नसशील तर पुसून, डबीत घालून मालकाच्या हातात दे. तो त्याचा आहे.

दोनदा पंप मारल्यावर पॅडल वर येतं, हे मला बसल्या बसल्या कळलं. तुला कळलं होतं का? कळलं होतं, कारण मालकाला तू सांगितलंस, ‘पहिल्यांदा दोनदा मारा, सवय होईल.’ सवय! अरे, हा दोष आहे, सवय कसली लावतोस? ड्रमच्या गाडीत पाइपमध्ये थोडा दाब शिल्लक ठेवावा लागतो, साधारण १० पीएसआय, म्हणजे चाकाच्या सिलिंडरमधल्या कपांचे ओठ पसरलेले राहतात आणि हवा आत ओढली जात नाही. त्यासाठी मास्टर सिलिंडरमध्ये छोटा झडपेचा तुकडा असतो. काही नव्या सिलिंडरांत कपांना आतून पसरवणारी चकती असते, त्यांचं भागतं. या जीपच्या सिलिंडरांत ती नाही. तू आणलेला टँडम पुढे डिस्क, मागे ड्रम असलेल्या गाडीचा आहे. त्याच्या डिस्कच्या पोर्टाला ही झडप नसते, असूच नये, नाही तर पॅड चकतीला घासत राहतात. म्हणजे एका पोर्टाला झडप, दुसऱ्याला नाही, आणि तुझ्या टीने दोन्ही जोडलेले. झडपेने धरलेला दाब दुसऱ्या पोर्टातून निवांत टाकीत परत. एका टीने सर्किटही मारलं आणि झडपही मारली. दोन्ही सर्किट ड्रमची आहेत, तेव्हा दोन्हींना १० पीएसआयची झडप लागेल. आणि उद्या कोणी पुढे डिस्क बसवायला आला तर ती पुढची झडप काढायला विसरू नकोस.

कप कशात धुतलेस? पेट्रोलमध्ये. डबा तिथेच ठेवलायस, वास येतोय. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल यांतलं काहीही ब्रेकच्या रबराला लागलं की ते फुगतं. फुगलेला कप आठ-पंधरा दिवस चांगला वागतो आणि मग सिलिंडरमध्ये अडकून बसतो. धुवायचं ते ब्रेक ऑइलमध्येच. सगळे कप नवे घाल. आणि ते अर्धं उघडं पडलेलं डॉट ३ फेकून दे. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. कोरडं असताना ते किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ही हमी १४० पर्यंत खाली येते. कोकणातल्या पावसाळ्यात उघडा डबा ठेवलायस, म्हणजे पाणी मुरलं आहेच म्हण. घाटात ड्रम तापले, ऑइल उकळलं की पाइपमध्ये वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. मग सर्किट दोन असोत की चार, सगळी एकदम मऊ पडतात. यावर दुहेरी सिलिंडर काहीही करू शकत नाही. तिथे ताजं ऑइल आणि खालचा गिअर, एवढेच दोन उपाय.

घाट म्हटला म्हणून विचारतो. गाडी चिपळूणची. मालक कुंभार्ली चढून कोयनेकडे जाणार म्हणतोस. येताना उतार. जीपचा ब्रेक कुठून फुटतो हे तुला माहीत आहे. चासीवरून मागच्या ॲक्सलवर उतरणारा रबरी होज, तो आतून कुजतो आणि बाहेरून नवा दिसतो. ॲक्सलवरचा पाइप, जिथे तो पाट्यांच्या यू-बोल्टजवळ घासतो. आणि पुढचे दोन होज, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर जे टायरला घासतात. तू होज बदललेस का? एकच बदललास, डावा पुढचा. तो गळत होता म्हणून. बाकी दोन गळायची वाट बघतोयस का?

आणि पुढचं-मागचं असंच वाटप कर. मघाशी तू ‘एक्स’ म्हणालास, तिरपं वाटप, पुढचं डावं मागच्या उजव्याबरोबर. काहीतरी वाचलंयस वाटतं. साब कंपनीने साठच्या दशकात तसं केलं. व्होल्वोने १९६६च्या १४४ मॉडेलात त्याहून पुढे जाऊन प्रत्येक सर्किटला पुढची दोन्ही चाकं आणि मागचं एक दिलं. पण तिरप्या वाटपाला पुढच्या चाकांची भूमिती तशी बांधावी लागते. जीपसारख्या जुन्या पुढच्या ॲक्सलवर एकाच पुढच्या चाकाने ब्रेक धरला तर स्टिअरिंग हातातून ओढलं जातं, आणि घाटात ते दरीकडे ओढलं गेलं म्हणजे संपलंच. अर्धं वाचलेलं ज्ञान गाडीवर लावू नकोस. पुढचा ॲक्सल एक, मागचा ॲक्सल एक. कोणतं पोर्ट पुढच्याला हे अंदाजाने ठरवायचं नाही, सिलिंडर ज्या गाडीचा आहे तिच्या मॅन्युअलमध्ये बघायचं.

मालकाला एक गोष्ट समजावून सांग, कारण दुकानदार ती सांगत नाही. एक सर्किट उरलं म्हणजे निम्मा ब्रेक उरला असं नव्हे. जीपला पुढच्या चाकात एक इंचाचे सिलिंडर, मागे पाऊण इंचाचे. क्षेत्रफळांचा हिशेब केला तर पुढच्या शूंवर ६४ टक्के जोर जातो, मागच्यांवर ३६. पुढचं सर्किट गेलं तर पायाचा जोर तोच ठेवून तुझ्याकडे एक-तृतीयांशाहून जरा जास्त ब्रेक उरतो. सपाट, कोरड्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरला जी गाडी १६-१७ मीटरमध्ये थांबते, ती आता ४५ मीटर घेईल. उतारावर त्याहून लांब. पाय जास्त जोरात दाबला तर थोडं कमी होईल. म्हणजे गाडी थांबते, पण वेगळीच थांबते. ज्याने हे आधी अनुभवलं नाही तो पॅडल खोल गेलेलं बघूनच पाय काढतो, किंवा घाबरून पंप मारत बसतो. म्हणून डिलिव्हरीआधी त्याला मोकळ्या मैदानात ने. एक सर्किट मुद्दाम उघडं ठेवून ताशी वीसच्या वेगाने त्याच्याच पायाने गाडी थांबव. दोन्ही सर्किटं, एकेक करून. पायाला एकदा कळलं की विसरत नाही.

हँडब्रेकवर भिस्त ठेवू नकोस, आणि त्यालाही ठेवू देऊ नकोस. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकात नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर असतो. टू-व्हीलमध्ये तो फक्त मागच्या चाकांना धरतो, तेही डिफरन्शियलमधून. एक हाफ शाफ्ट तुटला किंवा एक चाक खड्ड्यावर अधांतरी राहिलं की त्याची पकड संपली. गाडी उभी करायला ठीक.

ब्रेक लाइटचा स्विच. जुन्या पाइपवरचाच, दाबावर चालणारा. उद्या दोन सर्किट झाली की तो एका सर्किटवर राहील. तेच सर्किट गेलं तर तुझी गाडी हळू होतेय हे मागच्या ट्रकवाल्याला कसं कळणार? प्रत्येक सर्किटवर एक स्विच बसव, वायर एकत्र कर. किंवा सरळ पॅडलवर यांत्रिक स्विच लाव, स्वस्त आहे. आणि डॅशबोर्डवर लाल दिवा हवा. दोन सर्किटांच्या दाबात फरक पडला की पेटणारा स्विच मिळतो, नाही तर टाकीत तरंगणारा. दिवा नसेल तर एक सर्किट मेलेल्या गाडीत माणूस महिनाभर फिरतो, पॅडल जरा खोल जातंय एवढंच म्हणत. मग दुसरं जातं. डॅशबोर्डला भोक पाडायला तुझा जीव जात असेल तर खालच्या पट्टीवर लाव. दिसला पाहिजे.

मघाशी तू अजून एक वाक्य टाकलंस, ते मी विसरलेलो नाही. ‘कंपनीनेच एकेरी दिला होता सर, इतकी वर्षं चाललाच ना.’

चालला. माल्कम लॉगहेडने हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट १९१७मध्ये घेतलं. १९२१मध्ये ड्युसेनबर्गने चारही चाकांना ते बसवले. पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं बहुतेक जगाने एकाच पाइपवर गाड्या चालवल्या. कॅडिलॅकने १९६२मध्ये दुहेरी सिलिंडर दिला, आणि अमेरिकेत १९६८पासून प्रवासी मोटारींना विभागलेला ब्रेक कायद्याने बंधनकारक झाला. मधल्या वर्षांत एका होजपायी किती माणसं गेली असतील, म्हणून कायदा करावा लागला! महिंद्रांनी माझगावला जीप जोडायला सुरुवात केली तेव्हाच्या रस्त्यांवर, तेव्हाच्या वेगात, तेव्हाच्या गर्दीत ती एकेरी ब्रेकवर धावली. आज तीच जीप एबीएसवाल्या गाडीच्या मागे धावते. ती गाडी झटकन थांबते. तुझी थांबत नाही. म्हणून मालकाला दुहेरी सर्किट हवं होतं, आणि त्याचं बरोबर होतं. त्याची मागणी शहाणपणाची होती. तू ती ऐकलीस, मान डोलावलीस, पैसे घेतलेस आणि त्याला टी दिलास.

मला राग कशाचा आलाय सांगतो, म्हणजे तुला वाटायला नको की म्हातारा वेल्डिंगवरून चिडलाय. एकेरी ब्रेकची जुनी जीप चालवणारा माणूस जपून असतो. उतरताना दुसरा गिअर टाकतो, अंतर ठेवतो, दर पंधरवड्याला झाकण उघडून ऑइल बघतो. त्याला ठाऊक असतं की खाली एकच पाइप आहे. तू त्याच्या हातातून ती सावधगिरी काढून घेतलीस. आता तो निर्धास्त उतरणार, थोडा वेगात, थोडा जवळून, कारण बिलावर ‘ड्युअल सर्किट ब्रेक सिस्टिम’ लिहिलंय आणि ते तुझ्या अक्षरात आहे. काही न करता गाडी परत दिली असतीस तर ती जास्त सुरक्षित होती. निष्काळजी कारागीर मला चालतो, त्याला शिकवता येतं. पण नसलेली गोष्ट आहे म्हणून लिहून देणारा मला माझा विद्यार्थी म्हणून नको.

मान खाली घालू नकोस. वही घे, लिही. टी आणि जुनी लाइन बाहेर. एक इंच बोअरचा टँडम शोध, दोन्ही पोर्ट ड्रमचे, नाही तर झडपा वेगळ्या लाव. चाल मोजून ब्रॅकेट, नटबोल्टचा. पुशरॉड नवा, अखंड. दोन स्वतंत्र बंडी लाइन, तांब्याची नळी नाही, ती थरथरीने तडकते. तिन्ही होज नवे. सगळे कप नवे. ऑइल नवं, सीलबंद डब्यातलं. टँडम गाडीवर चढवण्याआधी व्हाइसमध्ये धरून त्यातली हवा काढ, नाही तर चारही निप्पल उघडून दिवस जाईल आणि पॅडल मऊच राहील. मग निप्पल उघडून परीक्षा, आधी पुढची, मग मागची. ती परीक्षा तू घ्यायची नाहीस, मी घेणार. मला बोलावल्याशिवाय चाकं जमिनीला टेकवू नकोस.

वाढीव खर्च मालकाकडून घ्यायचा नाही. त्या ओळीचे पैसे त्याने एकदा दिलेत.

आणि आत्ता त्याला फोन लाव. माझ्यासमोर. डिलिव्हरी पुढे गेली एवढंच सांगून ठेवायचं नाही, का गेली तेही सांगायचं. दोन पोर्ट एकत्र जोडले होते, ब्रेक एकेरीच होता, गाडी उघडून परत करतोय, असं सरळ शब्दांत. ‘पार्ट यायचाय’ म्हणालास तर फोन मी घेईन.